बोअरचं पाणी आणि ओम्नीचं इंजिन

जुन्या ओम्नीचं इंजिन घरी उतरवून नवं करायचं मनात असेल, तर पाने हातात घेण्याआधी गाडी पूर्ण थंड होऊ द्या, रेडिएटरचं झाकण काढा आणि आत बोट फिरवा. बोटाला पांढरट, खरखरीत थर लागला, तर दुखणं बहुधा तिथंच आहे. तो थर तसाच ठेवून इंजिनावर कितीही खर्च केला, तरी नवं इंजिन जुन्याच्याच वाटेनं जातं.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हे आवर्जून सांगावं लागतं. घोड आणि भीमेच्या काठचा बागायती पट्टा, त्यात उसाला वर्षानुवर्षं दिलेलं पाणी, आणि बोअरच्या पाण्यात क्षार. हंड्याला, गिझरला, ठिबकच्या नळीला जे होतं तेच इंजिनालाही होतं. वाटेत गाडी तापली की शेजारच्या मळ्यातून बादली आणून रेडिएटरमध्ये ओतायची, ही आपल्याकडची रीत आहे. आमच्याही ओम्नीत असंच पाणी पडत आलं होतं. उन्हाळ्यात न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना ती तापू लागली. मग ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस दिसायला लागला. हेड गॅस्केट गेल्याची ती खूण.

मारुतीची ही व्हॅन 1984 मध्ये आली, 1988 मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. सुटे भाग अजून मिळतात, रचना सरळ आहे, म्हणून घरी करायला हिच्याइतकी सोपी गाडी नाही असं माझं मत आहे. दौंडचे माझे मामा रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आधी माप घे, मग पाना लाव. उघडल्यावर कळेल म्हणतो, त्याच्या हातून पैसा जातो."

माप म्हणजे कॉम्प्रेशनचं. तिन्ही प्लग काढून गेज लावायचं. सिलिंडरांमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक आला, तर कमी आकडा आलेल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं. आकडा वर चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत. चढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. हाफ इंजिनवर भागेल की बोअरिंगपर्यंत जावं लागेल, हे या तपासणीवरून बरंचसं कळतं. नुसतं गॅस्केट आणि हेडचं काम असेल, तर इंजिन खाली उतरवायचीच गरज नाही.

उतरवायचंच ठरलं तर माझी खरी काळजी इथून पुढची आहे. ओम्नीचं इंजिन वरून निघत नाही, ते गिअरबॉक्ससह खाली सोडतात. म्हणजे गाडी चांगली उंच उचलावी लागते आणि माणसाला तिच्याखाली शिरावं लागतं. आपल्याकडची जमीन काळी. वरून कोरडी टणक दिसली, तरी आत ओल असते. आमच्या शेडमध्ये जाड फळीवर ठेवलेला जॅकही एका बाजूनं खचून तिरपा झाला. गाडी आधीच चार लोखंडी स्टँडवर टेकवलेली होती, खाली कुणी नव्हतं, म्हणून काही बिघडलं नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. सिमेंटचा पोकळ ब्लॉक किंवा विटांची चवड लावून तर मुळीच शिरू नका, वजनानं हे दोन्ही एका क्षणात फुटतात. काँक्रीटचा कोबा नसेल तर शेजाऱ्याचा मागा, तेवढा हक्क आपल्या गावात अजून आहे. आणि एकट्यानं हे काम करू नका.

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पेट्रोलची नळी काढून तिचं तोंड बंद करा. प्रॉपेलर शाफ्ट ओढण्याआधी गिअर ऑइल काढून घ्या, नाहीतर ते मागच्या तोंडातून तुमच्या अंगावर येतं. प्रत्येक नळी आणि वायर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो, आणि तिच्यावर चिकटपट्टीला नंबर. सायलेन्सरच्या नटांना आदल्या रात्री ऑइल मारून ठेवा. रेडिएटरमधलं कूलंट मात्र बादलीत धरा आणि झाकून ठेवा. ते गोडसर असतं आणि विषारी असतं. अंगणात सांडलं तर कुत्रं चाटतं, वासरू चाटतं. गाडीत सीएनजी किट असेल तर गॅसच्या नळीला घरी हात लावायचाच नाही. ते काम अधिकृत माणसाकडून करून घ्या, आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का तेही तेव्हाच बघा.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणून तापलं की वाकतं. सरळ पट्टी आडवी-तिडवी ठेवून खाली फीलर गेज सरकवायचं. 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग करावंच लागतं. बोअरचं मूळ माप 68.5 मिलिमीटर, त्यावर 0.25 आणि 0.50 ओव्हरसाइझ पिस्टन येतात. आधी पिस्टन विकत घ्या आणि ते हातात घेऊनच बोअरिंगवाल्याकडे जा. बोअर पिस्टनच्या मापानं कापायचा असतो. इंजिन बाहेर आहेच, तर क्लच प्लेट, मागचं ऑइल सील, वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट त्याच वेळी बदला. पुन्हा सगळं खाली उतरवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मग पाण्याची वाट. रेडिएटर रॉडिंग करून घ्या, ब्लॉकमधल्या वाटा उलट्या दिशेनं पाणी सोडून धुवा. थर्मोस्टॅट भांड्यात पाण्याबरोबर तापवा. पाणी उकळण्याच्या बरंच आधी त्याचं तोंड उघडायला हवं. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय मला पटत नाही. त्यानं मूळ दुखणं झाकलं जातं, आणि थंड चालणारं इंजिन लवकर झिजतं. भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. रेडिएटर पुढे, इंजिन सीटखाली, त्यामुळे लांब नळ्यांत हवा अडकते. झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा.

पहिले हजार किलोमीटर गाडी पळवू नका, ओझं भरू नका. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल कॅनमध्ये साठवून भंगारवाल्याला द्या, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

राहिले कागद. बोअरिंग केलं तरी इंजिन नंबर तोच राहतो, कारण तो ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉकच बदलला तर नंबर बदलतो आणि आर.सी.वर तशी नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांच्या नूतनीकरणात हाच नंबर ताडून बघतात. म्हणून भंगारातून दुसरा ब्लॉक आणणार असाल, तर तो ज्या गाडीचा होता तिची कागदपत्रं आणि पक्की पावती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.