आधी शिरस्त्राण उलटं कर

लिलावात पंधराव्या शतकातलं जर्मन सॅलेट शिरस्त्राण निघालंय, घेऊ का, असं तू विचारलंस. बाळा, कॅटलॉगमधला फोटो बाजूला ठेव. प्रत्यक्ष जा, टॉर्च घेऊन जा आणि शिरस्त्राण हातात घेऊन आधी उलटं कर. बनावट माल करणाऱ्याची निम्म्याहून जास्त मेहनत बाहेरच्या बाजूवर खर्च होते. आत गिऱ्हाईक सहसा डोकावत नाही.

आपल्या डोळ्याला पुण्याच्या तांबट आळीची सवय. हंड्यावर मठारकामाचे ठोके दिसले की वस्तू हातची, असं आपण धरून चालतो. न्यूरेंबर्गच्या किंवा मिलानच्या कारागिराची रीत वेगळी होती. पत्रा तापवून, ठोकून खोलगट केला की तो बाहेरची बाजू घासून, चाकावर पॉलिश करून गुळगुळीत करी. ठोके राहत ते आत, भट्टीच्या काळपट थरासकट. म्हणून बाहेर ठसठशीत ठोके आणि आत सफाईदार पत्रा असं दिसलं, तर किंमतसुद्धा विचारू नकोस. आत माथ्यावरून वेल्डिंगची रेघ गेली असेल किंवा ग्राइंडरचे ओरखडे असतील, तरी तेच.

मग जाडी बघ. अस्सल सॅलेटची जाडी सगळीकडे सारखी नसते. मार बसायचा तिथे, कपाळाशी आणि माथ्यावर, लोखंड जाड ठेवलेलं असतं. मात्र नुसत्या जाडीवर विसंबू नकोस, कारण कारखान्यातला पत्रा ठोकला तरी तो कुठे ना कुठे पातळ होतोच. धातूकडे बारकाईने बघ. जुन्या भट्टीतल्या लोखंडात मळी राहायची. गंजलेल्या कडेपाशी ती बारीक रेघांसारखी दिसते, कधी पत्र्याचे पापुद्रे सुटलेले दिसतात. 1856 मध्ये बेसेमरची पद्धत आली आणि त्यानंतरचं पोलाद एकजिनसी झालं. लोहचुंबक लावून बघू नकोस, तो दोन्हींना चिकटतो.

गंजाने भले भले फसतात. ॲसिडने आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत असतो आणि खड्डे सगळीकडे एकसारखे पडतात. शतकांचा गंज गडद, घट्ट बसलेला, कुठे खोल तर कुठे नुसता डाग. एका कडेला खोल खड्डे आहेत आणि त्यांना लागूनच असलेला रिव्हेट स्वच्छ आहे, असं दिसलं तर तो रिव्हेट नंतरचा. तेवढ्यावरून माल खोटा ठरत नाही. जुन्या शिरस्त्राणाला नवी झडप बसवणं हा या बाजारातला नेहमीचाच प्रकार. पण मग किंमत तशी लागली पाहिजे. अस्तर धरणाऱ्या रिव्हेटांची ओळ असते. ती शोध. अस्तराशिवाय कुणी ते डोक्यावर घालत नव्हतं.

नुसतं जुनं दिसतंय म्हणून मध्ययुगीन मानू नकोस. 1839 मध्ये स्कॉटलंडात एग्लिंटनला हौशी सरदारांनी मध्ययुगीन थाटाचे सामने भरवले. त्यासाठी चिलखतं पुरवणारा लंडनचा व्यापारी सॅम्युअल प्रॅट नवी शिरस्त्राणं घडवून घेऊन जुनी म्हणून विकत असे. त्या मालावर आज पावणेदोनशे वर्षांचा खराखुरा गंज आहे. तिथे गंज बघून काही कळत नाही, वापराचा विचार करावा लागतो. डोळ्यांची फट खरंच डोळ्यांसमोर येते का? आत गादीला जागा उरते का? मान वळेल का? भाल्याच्या सामन्यात प्रतिस्पर्धी डावीकडून येई, म्हणून त्या शिरस्त्राणांत श्वासाची छिद्रं बहुतेक उजव्या बाजूला ठेवत. नक्कल करणाऱ्याच्या हे ध्यानात येतंच असं नाही.

कारागिराची मोहर दिसली म्हणून हुरळून जाऊ नकोस, मोहर सर्वांत शेवटी बघ. ठशाने मारलेल्या मोहरेभोवती धातू दबलेला असतो आणि तिची झीज आजूबाजूच्या पत्र्याइतकीच असते. झिजलेल्या पत्र्यावर मोहर तेवढी कोरी करकरीत असेल, तर ती मागाहून उमटवलेली.

लिलावाच्या आधी दोन दुपारी लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात घालव, तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. अस्सल सॅलेटची कड आणि रिव्हेट डोळ्यांत साठवून घे. मग लिलाववाल्यांकडून दुरुस्त्यांची माहिती लेखी मागून घे. ती द्यायला किंवा आत टॉर्च मारू द्यायला कुणी कां-कूं केली, तर बोली लावू नकोस.