एलेव्हेशनचे उरलेले व्ह्यू

प्रश्न : सोलापूरच्या इंद्रभुवन इमारतीचं मोजमाप घेऊन रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करते आहे. एलेव्हेशनसाठी बरेच मार्कर लावून पाहिले, आता प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये नको ते व्ह्यू साचलेत. ते काढले तर भिंती-खिडक्या जातील का? – वास्तुकलेची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : भिंती-खिडक्या जात नाहीत. व्ह्यू ही मॉडेलकडे पाहण्याची फक्त खिडकी. ती काढल्याने मॉडेल बिघडत नाही. जातं ते त्या व्ह्यूमध्येच काढलेलं काम : मापं, मजकूर, डिटेल लाइन. इंद्रभुवनसारख्या नक्षीदार दर्शनी भागात धोका इथेच असतो, कारण कमानींवरची वेलबुट्टी बहुतेक जण थ्रीडीत न करता एलेव्हेशनवर रेषांनीच काढतात. व्ह्यू शीटवर असेल तर तिथूनही नाहीसा होतो.

मार्करचं वर्तुळ निवडलं की भोवती चार चौकोन दिसतात. एकाची खूण काढली की त्या दिशेचा व्ह्यू जातो. अख्खं वर्तुळ पुसलं तर त्याचे सगळेच. घाईत हीच चूक होते. ‘पर्ज अनयूज्ड’ ही आज्ञा व्ह्यूंना हात लावत नाही, त्यामुळे त्यावर विसंबणं व्यर्थ.

ब्राउझरची मांडणी ‘नॉट ऑन शीट्स’ केली की शीटवर नसलेले व्ह्यू वेगळे दिसतात. प्रत्येक उघडून पाहावा. शंका असल्यास नावाआधी ‘झेडझेड’ ही रोमन अक्षरं लावून यादीच्या तळाशी ठेवावा. फाइलची प्रत काढल्याशिवाय मात्र काहीच पुसू नये. इमारत तिरकी असेल तर नवा मार्कर लावण्यापेक्षा आहे तोच फिरवावा, म्हणजे पसारा मुळातच कमी होतो.