गिऱ्हाइकाचा पिन गिऱ्हाइकाकडेच

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता मिळतो. इथे चहाच्या टपरीपासून कापडाच्या दुकानापर्यंत गल्ल्याजवळ क्यूआरचा पुठ्ठा दिसतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, हे आपण सगळेच सांगतो. ज्याला तो पुठ्ठाच दिसत नाही, त्याचे काय?

माझ्याकडे एक अंध गृहस्थ लुंग्या घ्यायला येतात. पूर्वी नोट बोटाने ओळखून द्यायचे. २०१६ नंतर नव्या नोटा आल्या. १००, २०० आणि ५०० च्या नव्या नोटांची रुंदी एकच, लांबीत चार-चार मिलिमीटरचा फरक. तिथे त्यांची बोटे अडखळू लागली. मग मुलाने फोन घेऊन दिला, तर ते फोन माझ्या हातात देऊन पिन मोठ्याने सांगू लागले! दुकानात चार माणसे उभी. मीही दोनदा तो दाबला, ही माझी चूक. पिन म्हणजे तिजोरीची किल्ली; ती दुकानदाराने हातात घेऊ नये. उद्या खात्यात काही कमी-जास्त झाले तर संशय पहिला आपल्यावरच येणार.

व्यापारी बंधूंनी पुढील सोयी माहीत करून घ्याव्यात. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ असते. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात ते सुरू केले की बोटाखाली आलेले अक्षर फोन वाचून दाखवतो. कानात इअरफोन असला की शेजाऱ्याला ऐकू जात नाही. कॅमेरा क्यूआरवर धरणे अंध माणसाला कठीण जाते, तेव्हा दुकानाचा यूपीआयला जोडलेला मोबाइल नंबर सांगावा, तो ते स्वतः टाकतात. साधा बटणांचा फोन असेल तर मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेली ‘यूपीआय १२३पे’ ही सेवा आहे; इंटरनेटशिवाय, फोन लावून, आवाज ऐकत पैसे देता येतात. नोट ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे ॲप जानेवारी २०२० पासून आहे. एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही, आणि ते मराठी-उर्दूतही बोलते.

खाते उघडतानाच अडवणूक झाली तर? कॅमेऱ्यासमोर पापणी मिचकावून दाखवा, असे केवायसीत सांगितले जात होते. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून व इतरांनी, तसेच अंध वकील अमर जैन यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांनी निकाल दिला की, डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयाने वीस निर्देश दिले. पापणीऐवजी दुसरा मार्ग ठेवावा, अंगठ्याचा ठसा स्वीकारावा, कागदावरची केवायसी चालू ठेवावी, हेही त्यांत आहे. काउंटरवर कोणी परत पाठवू लागला तर ही तारीख सांगून नकार लेखी मागावा.

आपल्या कारागिरांचाही यात संबंध येतो. वीट-मातीचे काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात आणि मशीन त्यांना ओळखत नाही. आधारच्या पडताळणीत डोळ्याच्या बुबुळाचा व ओटीपीचाही मार्ग आहे, तो विचारावा.

आता आपल्या घरातली एक चूक. आपण व्हॉट्सॲपवर साड्यांचे फोटो पाठवतो आणि भाव फोटोवरच लिहितो. टॉकबॅकला फोटोवरचा आकडा नीट वाचता येईलच असे नाही. म्हणून फोटोखाली ‘सुती, काठ हिरवा, साडेपाच मीटर, भाव इतका’ असे टाइप करावे. बहिऱ्या गिऱ्हाइकाला आवाजाचा संदेश पाठवू नये, त्यालाही टाइपच करावे. एका ठाणाला मिनिटभर जास्त लागतो, बस.