महाविद्यालयाचें साह्यपत्र व शेतकऱ्याची जमीन

शेतकऱ्याची संपत्ति जमिनींत असते. हातांत रोकड थोडी असते. मुलांच्या उच्च शिक्षणाची वेळ आली म्हणजे हा भेद फार जाचतो. अमेरिकेंत कुटुंबाची ऐपत गणितानें ठरवून त्याप्रमाणें विद्यार्थ्यास साह्य देण्याची पद्धति आहे. सरकारी साह्य तेथील नागरिकांस व कायम रहिवाशांस मिळतें. येथून केवळ शिकावयास जाणारास मिळत नाहीं. ज्यांचे आप्त तेथें स्थायिक झाले आहेत त्यांस हा हिशेब उपयोगी पडेल, व इतरांसही तो विचारार्ह वाटेल.

प्रथम ‘अपेक्षित कौटुंबिक वांटा’ म्हणजे काय तें पाहूं. आईबापांचें व विद्यार्थ्याचें उत्पन्न आणि मालमत्ता यांवरून सरकार एक आंकडा काढतें. २०२४-२५ पासून त्यास ‘विद्यार्थी-साह्य निर्देशांक’ म्हणतात. हा आंकडा म्हणजे भरावयाची रक्कम नव्हे. एकूण खर्चांतून तो वजा केला असतां उरते ती ‘गरज’. आणि ती सर्व भागविण्यास बहुतेक महाविद्यालयें बांधलेलीं नाहींत.

आतां साह्यपत्र घेऊं. समजा, वर्षाचा खर्च ४०,००० डॉलर आहे. पत्रांत अनुदान १५,०००, कर्ज ५,५०० व काम करून मिळवावयाचे २,५००, अशी २३,००० डॉलरांची ‘मदत’ लिहिली आहे. वाचणारास वाटतें कीं, आपणांस १७,००० च भरावयाचे. वस्तुतः कर्ज व्याजासह फेडावयाचें असतें आणि मजुरी मुलानें कष्टानें मिळवावयाची असते. देणगी १५,००० चीच. म्हणून खरी किंमत २५,००० डॉलर. सुमारें ९१ टक्के महाविद्यालयें ही निव्वळ किंमत पत्रांत देत नाहींत अथवा कमी दाखवितात, असें अमेरिकन सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयास २०२२ सालीं आढळून आलें.

जमिनीची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कुटुंब ज्या शेतावर राहतें तें शेत पूर्वीं या गणितांत धरीत नसत. २०२४-२५ पासून तें धरूं लागले. त्यामुळें ज्याच्या घरीं पैसा नाहीं असा शेतकरीही केवळ जमिनीच्या भावामुळें श्रीमंत ठरूं लागला. जुलै २०२५ च्या कायद्यानें ही सूट २०२६-२७ पासून पुन्हां मिळाली. मात्र कुटुंब जेथें राहत नाहीं अशी खंडानें दिलेली जमीन सुटत नाहीं. शिवाय कित्येक खासगी महाविद्यालयें निराळा अर्ज भरून घेतात व त्यांत शेताचेंही मूल्य विचारतात.

आणखी एक अडचण अशी कीं, उत्पन्न मागील वर्षांचें धरतात. २०२६-२७ च्या अर्जास २०२४ चें उत्पन्न लागतें. म्हणजे २०२५ सालीं पीक बुडालें तरी तें त्यांत दिसत नाहीं. अशा वेळीं महाविद्यालयाच्या साह्य-अधिकाऱ्यास लेखी कळवावें व पीकविम्याचे आणि विक्रीचे कागद जोडावे. पुरावा पाहून आंकड्यांत फेरफार करण्याचा अधिकार त्यास कायद्यानें दिलेला आहे. पण मागितल्यावांचून तो वापरला जाईल असें समजूं नये.

सारांश, खर्चांतून केवळ अनुदान व शिष्यवृत्ति वजा करावी. तें अनुदान चारही वर्षें मिळणार कीं पहिल्याच वर्षीं, हें विचारून घ्यावें. आणि चार वर्षांची बेरीज कागदावर मांडावी. जमीन गहाण टाकण्याचा विचार त्यानंतर करावा, आधीं नव्हे.