मृगाआधीची सुई

इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते. विषाणू दरवर्षी थोडे रूप पालटतो आणि लसीने आलेली प्रतिकारशक्तीही काही महिन्यांत ओसरू लागते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत हे जाहीर करते. महाराष्ट्रात साथ मुख्यतः पावसाळ्यात येते आणि जानेवारी ते मार्चदरम्यान पुन्हा डोके वर काढते. आरोग्य कर्मचारी, गरोदर स्त्रिया, वृद्ध, लहान मुले आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले रुग्ण यांना ही लस प्राधान्याने द्यावी, यावर तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. प्रत्यक्षात २०१७-१८ च्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत पंचेचाळिशीपुढच्या जेमतेम १.५ टक्के लोकांनी ती घेतलेली आढळली.

हा आकडा वाढवायचा कसा, याचीच चर्चा पुढील संवादात आहे. काका साताऱ्याचे निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी आहेत. पुतणी मिरजेच्या एका रुग्णालयात नुकतीच परिचारिका म्हणून रुजू झाली आहे.

पुतणी : काका, मेट्रननी लसीच्या यादीत नाव द्यायला सांगितलंय. पण माझ्या मैत्रिणीने गेल्या वर्षी घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती तापली. मग घ्यायची कशाला?

काका : टोचायची लस ही मेलेल्या विषाणूपासून केलेली असते, तिच्यापासून फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, अंग मोडून येतं. क्वचित कुणाला मज्जातंतूंचा त्रास होतो, पण तो दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला.

पुतणी : कणकण म्हणजे तापच ना? आमच्याकडे सलग नाइट लागतात. एक जण गळाली की दुसरीला डबल ड्यूटी.

काका : मग सुटीच्या आदल्या दिवशी टोचून घ्या, आणि सगळ्या वॉर्डाने एकाच दिवशी घेऊ नका. हे साधं वेळापत्रक कुणी लावत नाही. सगळ्यांना सोमवारी सकाळी रांगेत उभं करायचं, फोटो काढायचा, झाली मोहीम! माझी सगळी नोकरी असल्या फोटोंत गेली.

पुतणी : पण फ्लू इतका पसरतो तरी का? सर्दी-खोकलाच तर असतो.

काका : आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. २००९ च्या जून-जुलैत पाचगणीच्या एका निवासी शाळेत स्वाइन फ्लूची साथ आली. पुढे तिचा शास्त्रीय अहवाल प्रसिद्ध झाला. शाळेत माणसं ४१५, त्यातली २९५ आजारी पडली. घशातले नमुने घेतले ८२ जणांचे, त्यात नवा विषाणू सापडला फक्त १५ जणांत. पण रक्त तपासलं तेव्हा २१६ जणांच्या अंगात त्याची प्रतिद्रव्यं निघाली. आसपासच्या वस्तीत हे प्रमाण ९ टक्के होतं, शाळेत ५२ टक्के.

पुतणी : म्हणजे नमुन्यात दिसले त्याहून कितीतरी जास्त लोकांना लागण झालेली.

काका : हेच मला सांगायचंय. एका छताखाली शेजारीशेजारी झोपणारी माणसं, एकच जेवणघर. तुझा मेडिकल वॉर्ड याहून वेगळा आहे का? फरक इतकाच की शाळेतली पोरं धडधाकट होती आणि तुझ्या खाटांवर दम्याचे, डायलिसिसचे, म्हातारे रुग्ण आहेत. लागण झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवू लागतो. तुला बरं वाटत असतं आणि तू सलाइन लावत फिरतेस. वॉर्डात कोण मास्क लावतं, हे विचारतच नाही, उत्तर ठाऊक आहे मला.

पुतणी : मी लस घेतली की माझे रुग्ण वाचतात, याला पुरावा आहे?

काका : आहे, पण पक्का नाही, तेही सांगायला हवं. स्कॉटलंडमधल्या वृद्धांच्या २० रुग्णालयांचा अभ्यास २००० साली छापून आला. जिथे कर्मचाऱ्यांना लस देऊ केली तिथे निम्म्यांनी घेतली आणि रुग्णांतले मृत्यू १३.६ टक्के झाले. बाकीच्या ठिकाणी २२.४ टक्के. पण नियमित तपासलेल्या रुग्णांत फ्लूची लागण दोन्हीकडे जवळपास सारखीच आढळली, म्हणून नंतरच्या परीक्षकांनी हा पुरावा कमजोर ठरवला. मी तरी एवढंच म्हणेन, की लस तुला वाचवते हे नक्की. रुग्णालाही वाचवत असावी, असं मानायला कारण आहे.

पुतणी : तुम्ही ‘वाचवते’ म्हणता, पण पूर्ण नाही ना?

काका : नाही. लस आणि विषाणू जुळले की डॉक्टरकडे जावं लागेल असा आजार ४० ते ६० टक्क्यांनी टळतो. आणि ती फक्त इन्फ्लुएन्झाला आवरते, सर्दीचे बाकीचे कितीतरी विषाणू मोकळेच असतात. लोक म्हणतात लस घेऊनही सर्दी झाली. होणारच.

रुग्णांकडे विषय वळला तेव्हा काकांचा आवाज चढला. त्यांच्या मते पोस्टर लावून लस घेणारे वाढत नाहीत. माणूस ज्या घडीला आधीच आपल्या समोर असतो, त्याच घडीला सुई पुढे केली तर वाढतात.

काका : हृदयविकाराचा झटका आलेल्यांवर आठ देशांत, त्यात बांगलादेशही होता, एक प्रयोग झाला. रुग्णालयात असतानाच, तीन दिवसांच्या आत फ्लूची लस दिली. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंट बंद पडणं यांचं एकत्रित प्रमाण ५.३ टक्के, आणि खोटी सुई दिलेल्यांत ७.२. आपल्याकडे अँजिओप्लास्टी झाल्यावर रुग्णाला गोळ्यांची भली मोठी यादी देतात. त्या यादीत लस नसते. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ छापली तर काय बिघडतं? ‘फ्लूची लस : दिली / नाकारली / पुढे कधी.’

पुतणी : आणि गरोदर बाया?

काका : त्यांच्याबाबत तर शंकाच नको. बांगलादेशातल्या अभ्यासात आईला लस दिली आणि बाळाला पहिल्या सहा महिन्यांत होणारा तपासून सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाला. सहा महिन्यांच्या आत बाळाला लस देताच येत नाही, आईकडून मिळेल तेवढंच त्याचं. २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर राज्याने सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रिया, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी ही लस मोफत सुरू केली. बाहेर ती हजाराच्या वर जाते. पण काही वेळा लस पोहोचायची तेव्हा निम्मा पावसाळा सरलेला असायचा. मी पत्रं लिहून थकलो. मागणी जानेवारीत गेली पाहिजे, लस मे महिन्यात फ्रीजमध्ये पाहिजे. फ्रीज २ ते ८ अंशांवर, तापमान रोज दोनदा लिहून, आणि गोठलेली कुपी सरळ टाकून द्यायची.

पुतणी : मग सक्तीच का करत नाहीत?

काका : अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये केली. पहिल्याच वर्षी ९७.६ टक्के कर्मचाऱ्यांनी लस घेतली. आपल्याकडे मी आज सक्ती सुचवणार नाही. वेळेवर लस पुरवता येत नाही तिथे सक्ती कसली? आधी यादी करा. डॉक्टर, परिचारिका, लॅबवाले, आणि सफाई कामगार, कक्षसेवक, गेटवरचा कंत्राटी माणूससुद्धा. कंत्राटी लोक कधीच यादीत नसतात, आणि खाटेच्या सर्वांत जवळ तेच असतात. यादीशिवाय टक्केवारी काढणारा स्वतःलाच फसवतो. लस रात्रपाळीला वॉर्डात घेऊन जा. नाकारणाऱ्याकडून कारण लिहून घ्या, ओरडू नका. दहा जणांनी ‘ताप येतो’ लिहिलं, तर त्यावर बोलता येतं.

पुतणी : मी तेच लिहिलं असतं.

काका : मग आधी विचारून बरं केलंस. आणि वॉर्डात पहिली सुई डॉक्टरांनी घ्यावी, सगळ्यांसमोर. हाफकिनने आपण बनवलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली, मग दुसऱ्यांना. आमच्या खात्यात उलट, साहेबांचं नाव यादीत शेवटी.

पुतणी : पण लस मे महिन्यातच का? आम्हाला ऑगस्टमध्ये सांगितलं होतं.

काका : लसीचा असर यायला दोन आठवडे लागतात. जून-जुलैत माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांना येते. लाखो वारकरी, आणि आरोग्य पथकं त्यांच्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीकडची माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत दाटीवाटीने राहिली. तिथे पोहोचलेल्या कर्मचाऱ्याला त्या दिवशी लस देऊन काय उपयोग?

पुतणी : ठीक आहे. सुटीच्या आदल्या दिवशी घेते. पण ताप आलाच तर?

काका : पॅरासिटामॉल घे आणि झोप. दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला तर तो लसीचा नाही असं समजून तपासून घे, आणि वॉर्डात जाऊ नकोस. तापलेल्या परिचारिकेला रजा देणं हासुद्धा रुग्ण वाचवण्याचाच भाग आहे, हे तुझ्या मेट्रनना माझ्या वतीने सांग.

मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. त्याआधी दोन आठवडे, म्हणजे २५ मेच्या आत, सातारा आणि सांगलीतल्या प्रत्येक रुग्णालयाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने आपल्या यादीतल्या शेवटच्या माणसापर्यंत सुई पोहोचवावी.