ज्या अंतःकरणाला दुसऱ्याचे दुःख कळत नाही



हजरत आयशा (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग सहीह बुखारीत आला आहे. वाळवंटातील एक अरब प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. आपण मुलांचे मुके घेता, आम्ही तर घेत नाही, असे तो आश्चर्याने म्हणाला. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की अल्लाहने तुझ्या हृदयातून दया काढून घेतली असेल, तर मी काय करू शकतो?

तो मनुष्य मनोरुग्ण होता, असे मुळीच म्हणावयाचे नाही. त्याच्या टोळीची ती रीतच होती. परंतु हृदयातून दया नाहीशी होणे म्हणजे काय, या प्रश्नाचा आधुनिक मानसशास्त्रानेही दीर्घकाळ शोध घेतला आहे आणि त्या अवस्थेच्या टोकाच्या रूपाला त्याने ‘सायकोपॅथी’ हे नाव दिले आहे. वर्तमानपत्रात क्रूर गुन्ह्याची बातमी आली, की आपण सहज ‘सायको’ म्हणून मोकळे होतो आणि त्याचा अर्थ ‘वेडा’ असा घेतो. हा अर्थ चुकीचा आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ साली ‘द मास्क ऑफ सॅनिटी’, म्हणजे शहाणपणाचा मुखवटा, हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी वर्णिलेले रुग्ण हुशार आणि गोडबोले होते. त्यांना भास होत नसत, भ्रमही नसत. तरीही ते सहज खोटे बोलत, विश्वासघात करीत, उघडे पडल्यावरही शरमिंदे होत नसत आणि अनुभवातून काही शिकत नसत. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी वीस लक्षणांची सूची तयार केली. तिचे एकूण गुण ४०; उत्तर अमेरिकेत ३० किंवा अधिक गुण मिळाल्यास ती व्यक्ती या वर्गात मोडते. ही सूची प्रशिक्षित तज्ज्ञांसाठी आहे. सासूने सुनेचे आणि सुनेने सासूचे गुण मोजावेत म्हणून ती तयार झालेली नाही! सर्वसाधारण समाजात असे लोक शंभरात एखादा असावेत असा अंदाज आहे. तुरुंगांत हे प्रमाण पुष्कळ अधिक आढळते. पण यांतील बहुतेक जण खुनी नसतात.

येथे शरीअतचा एक मुद्दा येतो. झोपलेला, अजाण बालक आणि बुद्धी गमावलेला, या तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे, असे हदीसमध्ये आहे. सायकोपॅथ या तिघांत बसतो काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे नाही. चांगले-वाईट काय हे त्याला पाढ्यासारखे पाठ असते. फक्त ते त्याच्या मनाला भिडत नाही. त्याची बुद्धी शाबूत आहे, म्हणून जबाबदारीही शाबूत आहे. अंतिम निवाडा अर्थातच विद्वानांचा.

मग ही अवस्था येते कोठून? मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा ‘अमिग्डाला’ नावाचा भाग असतो. भीती ओळखण्यात आणि अनुभवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. भावनाशून्य वृत्तीच्या मुलांना घाबरलेला चेहरा दाखविल्यास हा भाग इतर मुलांपेक्षा क्षीण प्रतिसाद देतो, असे मेंदूच्या तपासण्यांत दिसले आहे. २००५ साली एसी विडिंग आणि सहकाऱ्यांनी सात वर्षे वयाच्या जुळ्या मुलांच्या सुमारे ३,७०० जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टोकाच्या भावनाशून्यतेत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश असल्याचे त्यांना आढळले. उरलेला वाटा परिस्थितीचा. मारहाण, उपेक्षा, घरातील हिंसा यांनी धोका वाढतो.

काही जण येथे आक्षेप घेतील, की प्रत्येक बालक ‘फितरत’वर जन्मते, मग जन्मजात दोष कसा? परंतु फितरत म्हणजे आपल्या निर्मात्याला ओळखण्याची मूळ वृत्ती. सर्वांना सारखाच स्वभाव, सारखीच प्रकृती मिळेल असे आश्वासन त्यात नाही. एखादे मूल अधू दृष्टी घेऊन जन्मते, तेव्हा आपण आईच्या संस्कारांना दोष देत नाही. मूल भावंडाला दुखवून थंडपणे पाहत राहिले, की मात्र साऱ्या खानदानाची बोटे त्या आईकडे वळतात. हा अन्याय आहे आणि तो आपल्या घरांत सर्रास होतो.

याचा अर्थ नशीब म्हणून हात टेकावेत असा नव्हे. २०१६ साली अमेरिकेत दत्तक मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मदात्या आईच्या समाजविघातक वर्तनाचा वारसा, तिचा सहवास नसतानाही, बालकांच्या भावनाशून्य वागण्यात उतरताना दिसला. परंतु ज्या घरी दत्तक आई छोट्या छोट्या चांगल्या गोष्टींसाठी बाळाचे भरभरून कौतुक करीत होती, तेथे हा परिणाम मावळला. ही बालके जेमतेम दीड-दोन वर्षांची होती.

ऑस्ट्रेलियातील मार्क डॅड्स यांचे निरीक्षण तर प्रत्येक घराने ध्यानी घ्यावे असे आहे. अशी मुले समोरच्याच्या डोळ्यांकडे फारसे पाहतच नाहीत, म्हणून त्यांना भीती ओळखता येत नाही. ‘डोळ्यांकडे पाहा’ एवढे सांगितल्यावर त्यांची ओळखण्याची चूक पुष्कळ कमी झाली. शिक्षेचा धाकही या मुलांवर इतरांएवढा चालत नाही. कौतुक आणि बक्षीस मात्र लागू पडते. आपल्याकडे नेमके उलट घडते. मूल ऐकत नाही म्हणून छडी, छडीने फरक पडत नाही म्हणून आणखी छडी, आणि शेवटी कोणाचा तरी ‘असर’ आहे म्हणून तावीज-गंडे. दुआ अवश्य करावी, पण अल्लाहने आजारासोबत उपायही उतरविला आहे, हे प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे.

मुलावर कोणताही शिक्का मारू नका. सायकोपॅथीचे निदान लहान मुलांना लावले जात नाही, आणि हट्टी किंवा अबोल मूल म्हणजे भावनाशून्य मूल नव्हे. मात्र मुक्या प्राण्यांचा पुन्हा पुन्हा छळ, दुसऱ्याच्या रडण्याकडे पूर्ण बेफिकिरी आणि पश्चात्तापाचा अभाव दीर्घकाळ दिसत असेल, तर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभागात मुलाला दाखवावे. तेथपर्यंत जाणे जड वाटत असल्यास शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. ही सेवा विनामूल्य आहे.