शाळेत तुमच्या लेकराचं कोण आहे?

पालकहो,

आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याच सुमारास अकोट, दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूरच्या हायस्कुलांत आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं नववीला येतात. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींना पोराच्या आजाचंही नाव ठाऊक असायचं. इथे भरगच्च वर्ग आणि तासागणिक वेगळे शिक्षक. काही मुलं हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणतात, त्यानंतर शाळा सुटेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. आपण म्हणतो, पोरगं शांत आहे.

वर्गशिक्षिका म्हणून सांगते, अशा शांतपणाची मला काळजी वाटते. शाळेत ज्याचं कोणी नाही, ते मूल आधी शनिवार बुडवतं, मग त्याचं पोट दुखू लागतं आणि कापूस वेचणीला गेलं की परत येतच नाही. अमेरिकेत सातवी ते बारावीच्या सुमारे 12 हजार मुलांचा एक मोठा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. घराशी आणि शाळेशी नातं घट्ट असलेली मुलं निराशा, व्यसनं, मारामाऱ्या यांपासून बरीच दूर राहतात, असं त्यात दिसलं.

तिकडच्या अनेक हायस्कुलांत दहा-पंधरा मुलांचा गट एका शिक्षकाकडे सोपवतात. आठवड्यात ठरल्या वेळी सगळे एकत्र बसतात आणि बोलतात. आम्हीही नववी-दहावीसाठी असे गट केलेत. त्या तासाला पुस्तक उघडायचं नाही. एकदा मी विचारलं, “घरून निघायच्या आधी काय काय करून येता?” पहिल्या तासाला नेहमी उशिरा येणारा एक मुलगा म्हणाला, “म्हशीचं दूध काढतो, कुटार टाकतो, मंग फाट्यावर येतो. तवरक यष्टी निघून जाते.” पहिला तास गणिताचा, आळशी म्हणून तो रोज बोलणी खायचा. मग गणिताच्या सरांनी पहिल्याऐवजी दुसरा तास घेतला, गटातल्या एका मुलीने त्याला आपली वही दिली. आता तो हात वर करून शंका विचारतो.

ही वाट आपल्या मातीला नवी नाही. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहू लागली. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या पोराला वर्गाइतकीच आपल्या माणसांचीही गरज असते.

आता तुमच्याकडून हवं ते सांगते. ‘गप्पांच्या तासापेक्षा गणित शिकवा’ असा आग्रह धरू नका. फक्त निकालाच्या दिवशी शाळेत येऊ नका. बाजाराच्या दिवशी गावात आलात तरी पाच मिनिटं भेटून जा. सोयाबीन हातचं गेलं, घरात आजारपण आलं, भांडण झालं, तर तेवढं आमच्या कानावर घाला. त्या दिवसांत आम्ही लेकराला सांभाळून घेऊ. आणि लेकराने शाळेत सांगितलेली गोष्ट तुमच्यापर्यंत आली, तर तिच्यावरून घरी त्याला रागावू नका. एकदा रागावलात, तर ते पुन्हा कोणाजवळच मन मोकळं करणार नाही.

शिक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्याचा कंटाळा आल्याचं मूल बोलू लागलं, तर वाट पाहू नका. सरकारच्या टेलि-मानसच्या 14416 क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं, मराठीतूनही.

या महिन्यात वर्गशिक्षकांना भेटा आणि मार्कांच्या आधी विचारा, “माझं लेकरू शाळेत कोणाशी बोलतं?” उत्तर मिळालं नाही, तर हाच प्रश्न पालक-शिक्षक संघाच्या सभेत मांडा आणि आपल्या शाळेतही असे गट करायला सांगा. चार पालकांनी मिळून मागितलं, तर वेळापत्रकात एक तास नक्की निघतो.